घडी

फहाहीलच्या मागच्या गल्लीत
माझं इस्त्रीचं दुकान. दुकान कसलं,
एक टेबल, नुसता आवाज करणारा एसी,
आणि रद्दी: आठवड्याला दहा किलो इंग्रजी पेपर,
कपडे गुंडाळून द्यायला.

माझं इंग्रजी बाणकोटच्या शाळेतलं, सातवीपर्यंतचं.
कॅट म्हणजे मांजर, रन म्हणजे पळ,
एवढ्यावर अकरा वर्षं निघाली.
मग एका रात्री, बाहेर धुळीचं वादळ, गिऱ्हाईक नाही,
मथळा वाचला मोठ्यानं:
मिनिस्टर्स आयर्न आउट डिफरन्सेस.
आयर्न! म्हटलं, हे तर आपल्यातलेच निघाले.

शेजारी टायपिंग सेंटरात कुरियाकोस.
चाळीस वर्षं लोकांचे अर्ज टंकून
बोटं वाकलीत त्याची, इंग्रजी ताठ आहे.
म्हणाला, इद्रिस, मतभेदांच्या सुरकुत्या काढल्या त्यांनी.
मी म्हटलं, कॉलरच्या आतूनही काढल्या का?
नाहीतर संध्याकाळपर्यंत परत येतात.

तेव्हापासून रोज एक मथळा.
चहा माझा, अर्थ त्याचा.
बँकेचा साहेब इन हॉट वॉटर. (साबण घातला का, मी विचारलं.)
टॉक्स ब्रेक डाऊन: भर वाळवंटात टॅक्सी बंद पडावी
तशी बोलणी बंद पडली.
स्टेप डाऊन म्हणजे जिना नव्हे, खुर्ची.
अप, डाऊन, ऑफ, आउट,
बटणाएवढे शब्द, पण सदरा त्यांच्यावरच लागतो.
नियम काय, विचारलं की तो चिडायचा. नियम नाही, पाठ कर!
मी म्हटलं, चिडू नकोस, आमच्यातही असंच.
खाऊन टाक म्हणतात, टाकायचं काहीच नसतं.
बायको रुसून बसते
आणि उभ्यानं भांडी घासत असते.

मार्चमध्ये मथळा आला: काँट्रॅक्टिंग फर्म फोल्ड्स.
फोल्ड मला येत होतं. अर्थ विचारला नाही.
त्याच पानात कुणाचा तरी कंदुरा बांधून दिला.

त्या गुरुवारी निळे बॉयलर सूट आले नाहीत.
बावीस यायचे. पाठीवर कंपनीचं नाव, पिवळ्या रबरी अक्षरांत,
उलटे करून इस्त्री करायचे, नाहीतर नाव इस्त्रीला चिकटतं.
रांग होती ती कुरियाकोसच्या दारात.
तीन महिन्यांचा पगार, अडकलेला पासपोर्ट,
एकच अर्ज, फक्त वरचं नाव बदलायचं.
त्याने मान वर न करता सांगितलं,
फोल्ड, म्हणजे बंद. संपली कंपनी.
म्हणजे गाशा गुंडाळला, मी म्हटलं मनात.
त्यांच्यात घडी घातली की संपतं,
आमच्यात घडी विस्कटली की.

जायच्या आदल्या रात्री नरसय्या आला.
एक पांढरा शर्ट, विमानात घालायला.
वहीत त्याच्या नावावर चार दिनार, अडीचशे फिल्स.
त्याने पाकीट काढलं, मी बघितलं नाही त्यात.
राईट ऑफ मी परवाच शिकलो होतो,
बँकांच्या बातमीत, कोटींच्या आकड्यांसोबत.
राईट म्हणजे लिही. तर मी लिहिलं,
त्याच्या नावापुढे: ऑफ.
माझ्या वहीतला पहिला इंग्रजी शब्द, तोही वाकडा.
आमच्यात याला पाणी सोडणं म्हणतात.
फवारा हातात होताच.
दोनदा दाबला, बाह्यांवर, आणि कॉलरच्या आतून.

गुंडाळायला बरं पान शोधत राहिलो.
एका पानावर युद्ध, एकावर कोणीतरी बुडालेलं,
शेवटी सुपरमार्केटच्या जाहिरातीत बांधला.
काय लिहिलंय, त्याने विचारलं.
म्हटलं, टोमॅटो स्वस्त झालेत.